उसन्या सायकलीचे दात

जानिबेक शेजारचा, पण वयानं बाइके, थोरला भाऊ,
म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही.
सायकल दिली, कुलपाची किल्ली दिली नाही.
म्हणाला, कुरणावर चोर नसतात, एर्केआयिम,
असलेच तर घोडे चोरतात.

मी ती अंगणात उलटी केली,
सीट मातीत, चाकं आभाळात.
बाबा दारातून बघत होते.
घोडा घेताना ते आधी त्याचा ओठ वर करतात,
बोलणं नंतर.
मीही साखळी उचलली.
पुढच्या चक्राचे दात झिजून एका अंगाला कललेले,
वाऱ्यातल्या गवतासारखे.
धर्माची गाय आणि दात का गं नाय.
तरी मोजले. अडतीस. त्यातला एक अर्धा.

टायर मधोमध गुळगुळीत, कडेनं थोडी नक्षी,
टकलावर उरलेल्या केसांसारखी.
टायर आणि फ्रेमच्या मधे बोट घालून पाहिलं:
करंगळी गेली, तर्जनी अडकली.
म्हणजे चिखलाला जागा करंगळीएवढी.

पुढचं चाक वीतभर उचलून सोडलं.
खुळखुळाट.
घंटीचा असेल, धाकटा म्हणाला.
मी घंटी काढून खिशात टाकली, पुन्हा सोडलं.
घंटीचा नव्हता.

हँडलखाली स्प्रिंगचे दोन जाड दांडे होते, लालभडक.
खरं तर त्यांच्यावरच भाळले होते मी.
अंगाचा सगळा भार टाकला.
दांडे दबले नाहीत, नुसते कुरकुरले,
लग्नात मागच्या रांगेत बसवलेल्या आत्यासारखे.

आणि सीटखालच्या नळीवर पिवळा कागद,
अर्धा खरवडलेला, जर्मन.
गुलबारा एजेंनी तीस वर्षं शाळेत जर्मन शिकवलं,
जर्मन माणूस एकच पाहिला, तोही वाट चुकलेला.
चष्मा पुसून त्या ओणव्या झाल्या.
"ही सायकल... पक्क्या रस्त्यासाठी.
खडबडीत जमिनीवर... पुढे फाटलंय."
फाटलंय तिथे काय असेल?
"क्रियापद," एजे म्हणाल्या. "आपल्यासारखंच, शेवटी येतं."
मग जरा थांबून:
"पण पक्का रस्ता म्हणजे त्यांना कुठला म्हणायचाय?"
आम्ही दोघींनी फाटकाबाहेर पाहिलं.
डांबर आजोबांच्या तरुणपणी आलं होतं.
आता त्याच्या खड्ड्यांत कोंबड्या अंग घोळसतात.

आई जूनपासून वर कुरणावर आहे.
साय काढायच्या यंत्राचं रबरी कडं तुटलंय,
आठ बादल्या दूध नुसतं बसून असतं.
नवं कडं माझ्या मनगटात, बांगडीसारखं.
अठरा किलोमीटर. त्यातले अकरा रस्त्याचे,
सात कुणाचेच नाहीत.

उसनं अवसान म्हणतात ते हेच असावं.
नट आवळले, ब्रेकची तार बाबांच्या पकडीनं ताणली,
टायरमधली हवा थोडी सोडली.
घंटी लावायची राहून गेली.

पुलापाशी रस्ता संपला.
पहिल्या दगडावर लाल दांडे बोलले,
दुसऱ्यावर ओरडले,
तिसऱ्याला मी उतरले.
पुढचे सात किलोमीटर तिला हाताला धरून नेलं,
ओढ्यात खांद्यावर घेतलं.
पाणी कमरेपर्यंत, तिची चाकं कोरडी.
कोण कोणावर बसून गेलं, विचारू नका.

आईनं कडं बसवलं, दांडा फिरवला,
सायीची पहिली धार दोऱ्याएवढी आली.
मग हात पुसत सायकलीकडे बघून म्हणाली:
"चढते का गं ही डोंगर?"
"चढली की," मी म्हटलं
आणि खाली बसले,
तशी खिशात घंटी वाजली.